सायलेन्सरचं पाणी

गेल्या महिन्यात उरण नाक्याजवळच्या आमच्या मिस्त्रींनी गॅरेजचं शटर कायमचं ओढलं आणि त्याच आठवड्यात एका सर्व्हिस सेंटरने माझ्या हातात पाच आकडी एस्टिमेट ठेवलं. कारण काय, तर सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून पाणी टपकतं. ‘हेड गॅस्केट खोलून बघावं लागेल, सर. शिवाय हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल, पाणी येणारच,’ टॅबवरची नजर न उचलता तिथला मुलगा म्हणाला. गाडीमागे जाऊन वाकून बघावं, असं काही त्याला वाटलं नाही.

सायलेन्सरचं पाणी मला नवं नाही. पनवेलमध्ये गाडी म्हणजे डॉक्टरांची नाहीतर व्यापाऱ्यांची फियाट, तो काळ मी सोडून देतो. आम्ही तेव्हा एसटीने फिरत होतो. २०१० नंतरचंही फारसं सांगण्यासारखं नाही. एमएच-४६ आलं, २०१६ मध्ये महानगरपालिका आली, टॉवर आले, पार्किंगची भांडणं आली. माझा काळ १९९५ ते २००५.

तेव्हा माझ्याकडे सेकंडहँड मारुती ८०० होती, पेणचा एमएच-०६ नंबर. डिसेंबरात चोक ओढून दोन-तीनदा सेल मारला की धडधडत उठायची आणि मागच्या चुन्याच्या भिंतीवर काळं पाणी शिंपडायची. गुडघ्याएवढ्या उंचीवर शिंतोड्यांचा पंखाच उमटला होता. आई दर पाडव्याला तेवढाच तुकडा पुन्हा रंगवून घ्यायची आणि रंगाऱ्याचे पैसे माझ्याकडून वसूल करायची.

पहिल्यांदा घाबरून मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. गाडी चालू ठेवायला सांगितली, मागे उकिडवे बसले आणि सायलेन्सरच्या तोंडासमोर तळवा धरला. हात पुसायच्या आधी नीट बघितला, वास घेतला. ‘पाणी ठीक आहे. काळं आहे ते बघायचं,’ म्हणाले. कार्ब्युरेटर जास्त पेट्रोल पाजत होता; जळायचं राहिलेलं काजळी होऊन पाण्याबरोबर येत होतं. स्क्रू पाव आटा फिरवला, प्लग घासले, घेतले तीस रुपये. गॅस्केट गेलं असेल तर रेडिएटर रोज पाणी मागतो, इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नाही आणि डिपस्टिकवर दुधाच्या चहासारखं ऑइल दिसतं, हेही तेव्हाच कळलं. या तिन्हींतलं काहीच नसेल तर गप गाडी चालवायची.

पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जळला की पाणी होणारच. एक लिटर पेट्रोल जाळा, जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. एरवी ते वाफ होऊन दिसेनासं होतं. पाइप थंड असला की आतच पुन्हा पाणी होऊन टपकतं. डब्याच्या झाकणाला आतून घाम येतो, तसंच.

दादरचे आमचे मेहुणे तेव्हा म्हणायचे, ‘तुमच्या गाडीला सर्दी झालीय.’ १ एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला होता, त्यांच्या गाडीला तो होता, त्याचा हा तोरा. कन्व्हर्टरला शिशाचं पेट्रोल म्हणजे विष. तरी कोकणात बिनशिशाचं मिळत नाही म्हणून ते मिळेल ते भरत गेले आणि दोन-तीन वर्षांत कन्व्हर्टरची वाट लावून बसले. शिसं देशभरातून हटलं ते २००० च्या फेब्रुवारीत. तोवर त्यांची गाडी विकून झाली होती. मी काही बोललो नव्हतो, आज बोलतो.

त्याच सुमारास इंजेक्शनच्या गाड्या आल्या. माझी आली आणि भिंत पांढरी राहिली. पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. मिस्त्रींनी हात धरला, वास घेतला, ‘आता आमचं काय काम?’ म्हणून हसले. मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. ‘बोरघाटाआधी जरा बघून द्या’ म्हणत पनवेलात थांबणारी पुण्याची गाडी कळंबोलीहूनच सुसाट निघून जाऊ लागली. मिस्त्रींकडे रिक्षा उरल्या. मग त्याही गेल्या.

आता इथेनॉलचं. त्यावर माझाही राग आहे. मायलेज कमी झालंय, हे पंपावर खिशाला कळतं. पण पाण्याचं खापर त्यावर नको. लिटरभर इथेनॉल जाळलं तरी पाणी जवळपास तेवढंच. माझी गाडी टपकते, कारण ती घर ते स्टेशन एवढीच धावते. एवढ्याने पाइप तापतच नाही, आत पाणी साठतं आणि तेच सायलेन्सर आतून गंजवतं. कित्येक सायलेन्सरना खाली पाणी निथळायला बारीक भोक ठेवलेलं असतं, ते उगाच नाही.

मी एस्टिमेटवर सही केली नाही. रविवारी खोपोलीला जाऊन आलो. परतल्यावर पाइपचं तोंड खडखडीत कोरडं होतं. सोमवारी सकाळी गाडी सोसायटीच्या मोकळ्या जागेत काढली, मागे उकिडवा बसलो आणि तळवा धरला. पाणी होतं. स्वच्छ होतं.