पिलांचे खाद्य आखडावे काय?

ब्रॉयलरच्या धंद्यात निम्म्याहून अधिक खर्च खाद्याचा. म्हणून पिलांना सुरुवातीला हात आखडून खाद्य द्यावे काय, असे अनेक कुक्कुटपालक बंधू विचारतात. इस्रायलमधील प्लावनिक व हुर्विट्झ यांनी १९८५ मध्ये सहा-सात दिवसांच्या पिलांचे खाद्य काही दिवस तोडून पाहिले. पिले मागे पडली. पण पुन्हा पोटभर मिळताच झपाट्याने वाढली, पोटातील चरबीही कमी धरली. ही चरबी फेकावी लागते, हे कोंबडीच्या दुकानदारांना सांगायला नको! मात्र तूट भरून निघायला दिवस लागतात. ३५ दिवसांतच माल काढणाऱ्याने आधी हिशेब मांडावा. खाद्याची भांडी अपुरी असतील तर या फंदात पडूच नये. दांडगी पिले खातात, दुबळी उपाशी राहतात. पाणी तर कधीच तोडू नये.