औषधसंशोधनात प्राणी-प्रतिमानांचे स्थान : तीन ऐतिहासिक प्रसंगांचा अभ्यास

प्रस्तावना

मानवी शरीरक्रियेचा, रोगाचा किंवा औषधाच्या परिणामाचा अभ्यास करण्यासाठी माणसाऐवजी ज्या प्राण्याचा उपयोग केला जातो, त्यास 'प्राणी-प्रतिमान' असे म्हणतात. या पद्धतीचे समर्थन व विरोध बहुधा भावनेच्या पातळीवर होताना दिसतात. प्रस्तुत लेखात १९३२ ते १९६२ या काळातील तीन प्रसंगांच्या आधारे प्राणी-प्रतिमानांची उपयुक्तता व मर्यादा स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

परीक्षानळीत न दिसलेला गुण

जर्मन संशोधक गेरहार्ट डोमाक यांनी १९३२ मध्ये स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंची बाधा केलेल्या उंदरांवर प्रोन्टोसिल या तांबड्या रंगद्रव्याचा प्रयोग केला. हे द्रव्य दिलेले उंदीर वाचले. परीक्षानळीत मात्र तेच द्रव्य त्या जिवाणूंवर निष्प्रभ ठरत होते. या विसंगतीचा उलगडा १९३५ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील संशोधकांनी केला. शरीरात प्रोन्टोसिलचे विघटन होऊन सल्फानिलामाइड तयार होते आणि तेच जिवाणूंची वाढ रोखते, असे त्यांना आढळले. केवळ परीक्षानळीवर विसंबून राहिले असते, तर हे औषध निरुपयोगी म्हणून बाजूला पडले असते.

न झालेल्या चाचणीची किंमत

याच सल्फानिलामाइडचे पातळ औषध अमेरिकेत १९३७ मध्ये विक्रीस आले. त्यात विद्रावक म्हणून डायएथिलीन ग्लायकॉल वापरले होते. औषधाची चव, रंग व वास तपासण्यात आले. विषारीपणा तपासला गेला नाही, कारण तत्कालीन कायद्यात तशी सक्ती नव्हती. मूत्रपिंडे निकामी होऊन शंभराहून अधिक रुग्ण दगावले. त्यांत अनेक बालके होती. त्यानंतर शिकागो विद्यापीठात झालेल्या प्राणिप्रयोगांतून विद्रावकाचा दोष सिद्ध झाला. विक्रीपूर्वी सुरक्षिततेचा पुरावा बंधनकारक करणारा कायदा १९३८ मध्ये संमत झाला.

प्राण्याच्या निवडीचा प्रश्न

थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये बाजारात आले. गर्भवती स्त्रियाही ते घेऊ लागल्या. परंतु गाभण प्राण्यांवर त्याची पुरेशी तपासणी झालेली नव्हती. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बालके हातापायांच्या व अन्य विकृतींसह जन्मली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी यांनी अपुऱ्या पुराव्याअभावी त्यास परवानगी नाकारली. शिकागो येथील उपरोक्त प्रयोगांत विद्यार्थिदशेत त्यांचा सहभाग होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पुढील प्रयोगांत आणखी एक बाब उघड झाली. उंदरांमध्ये या औषधाने तशा विकृती सहसा होत नाहीत. १९६२ मध्ये सशांमध्ये मात्र त्या दिसून आल्या. अर्थात, गाभण उंदरांवर चाचणी झाली असती, तरीही धोका कदाचित लक्षात आला नसता. हे औषध सेरेब्लॉन या प्रथिनाशी जोडले जाते, हे २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले. प्राणिजातींनुसार संबंधित प्रथिनांच्या रचनेत असणारे सूक्ष्म भेद या भिन्न परिणामांमागे आहेत, असे आता मानले जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्राणी-प्रतिमान म्हणजे माणसाची प्रतिकृती नव्हे. विशिष्ट प्रश्नासाठी विशिष्ट प्राणी योग्य ठरतो. रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटविणे व त्यांच्या वेदना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. अमेरिकेने २०२२ मध्ये प्राणिचाचणीची कायदेशीर सक्ती काढली, तर भारताने २०२३ मध्ये नियमांत दुरुस्ती करून पेशी व कृत्रिम अवयवांवर आधारित चाचण्यांना मान्यता दिली. ही वाटचाल स्वागतार्ह आहे. तथापि, औषधाचे शरीरात काय होते, हे जी पर्यायी पद्धत दाखवू शकत नाही, ती प्रोन्टोसिलच्या वेळी परीक्षानळीने केलेली चूकच पुन्हा करील. म्हणून पर्यायांचीही पारख प्राणी-प्रतिमानांइतक्याच काटेकोरपणे होणे आवश्यक आहे.