ब्रॅशरचा डबलून : नाण्यावरील लेख आणि साक्ष

नाण्यावरील लेखाचे वाचन सामान्यतः नाव, बिरुद आणि वर्ष यांच्यापाशी थांबते. परंतु तो लेख कोणाच्या अधिकाराने बोलतो, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा होय. न्यूयॉर्क येथील सुवर्णकार एफ्राइम ब्रॅशर याने १७८७ साली पाडलेले सुवर्णनाणे या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्वातंत्र्य मिळूनही अमेरिकेस त्या वेळी स्वतःची टांकसाळ नव्हती. ती १७९२च्या कायद्याने स्थापन झाली आणि तिची पहिली सुवर्णनाणी १७९५ साली निघाली. तोपर्यंत स्पेन, पोर्तुगाल, इंग्लंड व फ्रान्स येथील सोने बाजारात फिरे. पुष्कळ नाण्यांच्या कडा कातरलेल्या असत. सुवर्णकार अशी नाणी तोलून, अधिक असेल ते काढून व उणे असेल तेथे भर घालून ती ठरलेल्या वजनास आणीत आणि त्यांवर आपल्या आद्याक्षरांचा ठसा मारीत. पारखलेल्या रुपयावर आपली खूण उमटविणारा सराफ आपणांस परिचित आहे. ब्रॅशरचा व्यवसाय त्याच जातीचा. त्याचा ठसा ‘ई. बी.’ असा होता.

प्रथम नावाचा विचार करू. ‘डबलून’ हा शब्द स्पॅनिश ‘दोब्लोन’पासून आला. त्याच्या मुळाशी ‘दुप्पट’ हा अर्थ असून स्पेनमध्ये तो दोन एस्कूदोंच्या नाण्यास लागू होता. अमेरिकेतील इंग्रजीत मात्र तो आठ एस्कूदोंच्या नाण्याचा वाचक बनला. न्यूयॉर्कच्या व्यवहारात अशा नाण्याचे मान्य वजन ४०८ ग्रेन, म्हणजे सुमारे २६.४ ग्रॅम, आणि मोल १५ स्पॅनिश डॉलर होते. ब्रॅशरचे नाणे जवळजवळ याच वजनाचे आहे. व्युत्पत्तीवरून त्याचे मोल ठरवू जाणारा म्हणूनच फसेल. शिवाय ‘डबलून’ हा शब्द वा मोलाचा कोणताही आकडा नाण्यावर नाही.

नाण्यावर आहे ते लॅटिन. एका बाजूस डोंगराआडून उगवणारा सूर्य, त्याखाली ब्रॅशरचे नाव आणि भोवती ‘नोव्हा एबोराका, कोलंबिया, एक्सेल्सिओर’ हे शब्द आहेत. यॉर्कचे लॅटिन नाव ‘एबोराकुम’ नपुंसकलिंगी आहे. येथे मात्र ‘कोलंबिया’, म्हणजे अमेरिका, या नामाशी जुळणारे स्त्रीलिंगी रूप योजिले आहे. ‘एक्सेल्सिओर’ हे न्यूयॉर्कच्या राजचिन्हावरील बोधवाक्य. त्याचा अर्थ ‘अधिकाधिक वर’ असा करण्यात येतो; परंतु त्या अर्थी क्रियाविशेषण ‘एक्सेल्सिउस’ हवे. जे रूप आहे ते विशेषण असून त्याचा अर्थ ‘उच्चतर’ एवढाच. दुसऱ्या बाजूस गरुडाभोवती ‘ऊनुम ए प्लूरिबुस’, ‘अनेकांतून एक’, असे शब्द आहेत. हे बोधवाक्य एरवी ‘ए प्लूरिबुस ऊनुम’ या क्रमाने लिहितात. विभक्तिप्रत्यय अन्वय सांभाळीत असल्याने क्रम बदलूनही अर्थाची हानी होत नाही.

हा सारा लेख राज्याच्या व राष्ट्राच्या भाषेत बोलतो. त्यामागे अधिकार मात्र दोहोंपैकी कोणाचाही नाही. ब्रॅशर व जॉन बेली यांनी १७८७च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या विधिमंडळाकडे तांब्याची नाणी पाडण्याची अनुज्ञा मागितली. ती मिळाली नाही. त्याच वर्षी तयार झालेल्या संघराज्याच्या घटनेने तर घटक राज्यांचाही नाणी पाडण्याचा हक्क काढून घेतला. यामुळे काही अभ्यासक हे नाणे चलन न मानता नमुना मानतात. पण केवळ नमुन्यासाठी चलनाचे वजन इतक्या काटेकोरपणे राखण्याचे आणि त्यावर पारखीचा ठसा मारण्याचे प्रयोजन काय? माझ्या मते हा ठसाच नाण्यातील खरे विधान होय. बाकीचे शब्द आकांक्षा व्यक्त करतात. ही दोन अक्षरे वजनाची व कसाची साक्ष देतात.

या प्रकारची सात नाणी ज्ञात आहेत. सहांवर ठसा गरुडाच्या पंखावर आहे, एकावर छातीवर. पंखावर ठसा असलेले एक नाणे जानेवारी २०२१मध्ये लिलावात सुमारे ९३ लक्ष ६० हजार डॉलरांस विकले गेले. सोन्याच्या मोलाशी या किमतीचा संबंध उरलेला नाही. आज नाणे अस्सल आहे की नाही हे संग्राहकांस तज्ज्ञ सांगतात. १७८७ साली ते काम ब्रॅशरची दोन अक्षरे करीत होती. चिन्हास मोल येते ते लोकांच्या संमतीने, हा भाषाशास्त्रातील सिद्धांत येथे सोन्यावर कोरलेला दिसतो.