रिकाम्या ओळींचे वजन

सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली जेएसपी आणली ती वेबपानांसाठी. एचटीएमएल सरळ लिहायचे, हवा तिथे जावाचा तुकडा टाकायचा, बाकीचे सर्व्हर बघेल. सर्व्हलेटमध्ये एकेक टॅग प्रिंट करून कंटाळलेल्यांची मोठीच सोय झाली. मग याच पानातून कुणाला पगारपत्रकाची पीडीएफ द्यावीशी वाटली, कुणाला डेटाबेसमधला फोटो. आणि डाउनलोड केलेल्या फाइली उघडेनात.

कारण शोधायला टॉमकॅट या जावा सर्व्हरच्या पोटात शिरावे लागते. पानाची पहिली मागणी आली की तो जेएसपीचे जावाच्या सर्व्हलेटमध्ये रूपांतर करतो, आणि पानावरचा सगळा मजकूर लिहिण्याच्या आज्ञा बनतो. सगळा म्हणजे रिकाम्या ओळीसुद्धा. वर इम्पोर्टच्या तीन ओळी असतील, तर प्रत्येकीमागचा एंटर उत्तरात जातो. एचटीएमएलमधली ही मोकळी जागा ब्राउझर मनावर घेत नाही, म्हणून ती कुणाला दिसतही नाही.

पीडीएफमध्ये मात्र जागा बाइटांनी मोजलेली असते. पारंपरिक मांडणीत फाइलीच्या शेवटाकडे एक तक्ता असतो. कोणता घटक सुरुवातीपासून कितव्या बाइटवर आहे ते त्यात दहा अंकांत लिहिलेले असते, आणि प्रत्येक नोंद बरोबर २० बाइटांची. पुढे तीन एंटर घुसले की सगळे पत्ते सरकतात. पुष्कळ पीडीएफ वाचक तक्ता नव्याने जुळवून वेळ मारून नेतात. पण डिजिटल स्वाक्षरी असेल, आपला ऑनलाइन सातबारा घ्या, तर ती कुठल्या बाइटपासून कुठपर्यंत लागू आहे हेही आकड्यांतच नोंदलेले असते. तिथे एक आगंतुक बाइटही चालवून घेऊ नये.

दुसरा घोळ यापेक्षा फसवा आहे. जेएसपीचा 'आउट' अक्षरे लिहितो, बाइट नाही. फोटोचे बाइट त्याच्या हाती दिले, तर तो त्यांना अक्षरे समजतो. एन्कोडिंग आयएसओ-८८५९-१ असेल तर निभावते, कारण तिथे ० ते २५५ पर्यंतच्या प्रत्येक किमतीला एकच बाइट. तेच पान मराठी मजकुरासाठी यूटीएफ-८ केले, की १२७ च्या वरच्या प्रत्येक बाइटाचे दोन होतात. कालपर्यंत दिसणारा फोटो आज फुटतो, आणि दोष बिचाऱ्या मराठीवर येतो.

मग बाइटांचा प्रवाह थेट मागावा, तर सर्व्हलेटचा नियम आडवा येतो: एका उत्तरासाठी अक्षरांचा लेखक किंवा बाइटांचा प्रवाह, दोन्ही नाहीत. पान संपताना टॉमकॅट लेखकाला हात लावतो आणि लॉगमध्ये 'इल्लीगल स्टेट एक्सेप्शन' पडते. त्यावर 'आउट' रिकामा करून 'पुशबॉडी'ने उरलेला मजकूर बाजूला वळवण्याची युक्ती चालते. २००६ च्या जेएसपी २.१ मध्ये इम्पोर्टसारख्या डायरेक्टिव्हमागची मोकळी जागा छाटायचीही सोय आली. माझे मत मात्र ठाम आहे: हे काम साच्याचे नाहीच. एक छोटा सर्व्हलेट लिहावा. कंटेंट-टाइप सांगावा, लांबी सांगावी, बाइट जसेच्या तसे ओतावेत. पान फक्त त्याच्याकडे जाणारी लिंक दाखवील.

सर्व्हलेटमध्येही फाइलीचे नाव मराठी असेल तर थोडे काम उरते. कंटेंट-डिस्पोझिशनमध्ये देवनागरी थेट लिहून भागत नाही. २०११ च्या आरएफसी ६२६६ प्रमाणे ते यूटीएफ-८ मध्ये, टक्क्याच्या चिन्हांनी सांकेतिक करून द्यावे लागते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तिथे तीन बाइट घेते. जुन्या ब्राउझरसाठी सोबत साध्या रोमन लिपीतले नावही द्यावे.