आधी पाणी, मग पाया

जपानमध्ये गरम पाण्याच्या झऱ्याकाठी नवी सराई, म्हणजे र्योकान, बांधायची झाली तर वास्तुरचनाकाराने सगळ्यात आधी मागावा पाण्याच्या तपासणीचा अहवाल. 1948च्या ऑनसेन, म्हणजे गरम झऱ्यांच्या, कायद्याप्रमाणे उगमापाशी 25 अंश सेल्सिअस किंवा त्याहून गरम असलेले पाणी ऑनसेन ठरते. तितके गरम नसले तरी कायद्यातल्या 19 घटकांपैकी एखादा पुरेशा प्रमाणात असला की चालते. त्यामुळे दोन गावांचे पाणी सहसा सारखे नसते आणि इमारतीचे निम्मे निर्णय त्या अहवालातच होऊन जातात.

पाणी गंधकाचे असेल तर तांब्या-चांदीच्या वस्तू काळ्या पडतात, नळ आणि एअर कंडिशनर लवकर दगा देतात. मग न्हाणीघरात धातू जितका कमी तितका बरा, आणि लाकडाचे सांधे खिळ्यांऐवजी खाचा पाडून बसवलेले चांगले. शिवाय हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून झरोके छताजवळ ठेवून भागत नाही, खालीही ठेवावे लागतात. जुन्या न्हाणीघरांची जी लाकडी, हवेशीर ठेवण आपल्याला देखणी वाटते, तिच्यामागे असा रोकडा व्यवहार आहे.

पुढचा प्रश्न तापमानाचा. अंगाला साधारण 40 ते 42 अंश सोसवते, आणि झरा पुष्कळदा त्याहून कितीतरी गरम असतो. थंड पाणी मिसळणे सोपे, पण त्याने खनिजे पातळ होतात. कुसात्सु गावात भर चौकात लाकडी पन्हळींची रांग आहे. त्यांतून वाहता वाहता पाणी निवते. हौदातले पाणी लांब फळ्यांनी ढवळून निववण्याची तिथली रीतही प्रसिद्ध आहे. बेप्पू शहराच्या कान्नावा भागात तर उकळत्या पाण्याची धार बांबूच्या काटक्यांच्या जाळीवरून सोडतात. थेंब होऊन ओघळताना हवेनेच ते निवते, पाण्याचा एक थेंबही मिसळावा लागत नाही. स्थानिक संस्कृतीचा नमुना विचारला, तर भिंतीवर टांगलेल्या पंख्या-बाहुल्यांच्या आधी मी ही जाळी दाखवीन.

मग हिशेब येतो प्रवाहाचा. झऱ्याचे पाणी एका बाजूने हौदात येते आणि काठावरून सतत वाहून जाते, ही पद्धत सर्वांत मानाची. समजा झरा मिनिटाला 20 लिटर देतो आणि हौदात 1800 लिटर मावतात. म्हणजे पाणी पुरते पालटायला दीड तास लागला. हौद दुप्पट केला की तीन तास. हल्ली पाहुण्यांना खोलीतच वेगळा हौद हवा असतो, पण तसा प्रत्येक हौद याच 20 लिटरांत वाटेकरी होतो. पाणी पुरले नाही की ते गाळून, क्लोरीन घालून पुन्हा फिरवणे आले. मालक मोठ्या हौदाचा हट्ट धरतो तेव्हा त्याच्यापुढे हे गणित मांडणे रचनाकाराचेच काम.

न्हाणीघराचा क्रम ठरलेला असतो: कपडे बदलण्याची जागा, तिथून ठेंगण्या बाकांवर बसून साबणाने अंग स्वच्छ धुण्याची जागा, आणि मग हौद. हौदात साबण नाही, कपडेही नाहीत. फरशीला ओल्या पायाखाली न सरकणारा दगड हवा. इझू भागातला निळसर दगड यासाठी नावाजलेला आहे. खिडकीची उंची मात्र उभ्या माणसावरून ठरवायची नसते. गळ्याइतक्या पाण्यात बसलेल्याची नजर काठाच्या जेमतेम वर असते, तेव्हा चौकटही तितकीच खाली यायला हवी. स्त्री-पुरुषांचे हौद सहसा वेगवेगळे असतात. अनेक सरायांत दारावरच्या कापडी पडद्यांची ठरावीक वेळी अदलाबदल होते, म्हणजे प्रत्येकाला दोन्हींकडे जाता येते. तेव्हा दोन्ही बाजू सारख्याच बांधणे म्हणजे संधी वाया घालवणे.

खोल्यांबद्दल थोडक्यात. तातामीच्या चटयांवर रोज रात्री गादी घालणारे कर्मचारी आता सहज मिळत नाहीत आणि वयस्कर पाहुण्यांना जमिनीवरून उठणे जड जाते. म्हणून ठेंगणे पलंग आले. परंपरा बुडाली असे मला वाटत नाही. खिडकीलगतची अरुंद पडवी आणि तिथल्या दोन खुर्च्या शाबूत राहिल्या की झाले.

क्यूशू बेटावरच्या युफुइनमध्ये वास्तुरचनाकार केन्गो कुमा यांनी रचलेली ‘काइ युफुइन’ ही सराई 2022 साली उघडली. तिच्या मध्यभागी बगीचा नाही, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आहेत. खोल्यांतले दिवे काजव्यांच्या पिंजऱ्यासारखे, आणि ते विणलेत त्याच प्रांतातल्या कुनिसाकी भागात पिकणाऱ्या शिचितोइ गवताने. शेत म्हटले की चिखल, लावणी, कापणी आली. ती वर्षभर करायला माणसे लागतात आणि पाहुण्यांना दिसणारे दृश्य दर महिन्याला बदलते. छायाचित्रापुरते शेत ठेवले असते तर या सगळ्याची गरज नव्हती.

तरी माझ्या मते सर्वांत धाडसी रचना कुमामोतो प्रांतातल्या कुरोकावाची. तेत्सुया गोतो या सराईवाल्याने छिन्नीने डोंगर फोडून गुहेतले न्हाणीघर केले, आणि छाटलेल्या पाइनऐवजी रानातली मिश्र झाडे आवारात लावली. पाहुण्यांचा ओघ पाहून शेजाऱ्यांनीही तशी झाडे लावली, उघड्यावरचे हौद बांधले. दोन सरायांकडे मात्र उघड्यावरचा हौद बांधायला जागा नव्हती. तेव्हा 1986 साली गावाने लाकडी चकतीचा परवाना काढला. तो घेतला की गावातल्या कोणत्याही तीन सरायांत स्नान करता येते. रस्त्यावरच्या सुमारे 200 जाहिरात-पाट्याही उतरवल्या गेल्या. आख्खे गाव एकच सराई आणि रस्ते तिचे व्हरांडे, असा हा विचार. त्यामुळे तिथे नवी इमारत रचणाऱ्याला आपल्या कुंपणाबाहेरची वाटही आखावी लागते: स्नानाची चप्पल आणि युकाता हा सुती झगा घालून शेजाऱ्याच्या हौदाकडे निघालेला परका पाहुणा पावसात कुठे थांबेल, रात्री त्याला पायरी दिसेल का, आणि नदीवरचा पूल ओलांडताना समोरच्या न्हाणीघरात त्याची नजर तर पडणार नाही ना.