अठराच्या आत पकडला गेला तर?
प्रभादेवीतल्या सतरा वर्षांच्या पोराला पोलिसांनी पकडलं, तरी कोठडीत डांबता येत नाही. तुरुंग तर दूरच. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार, प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत त्याला बाल न्याय मंडळापुढे आणावं लागतं. तिथं जामीन हा नियम, नकार हा अपवाद. जामीन नाकारला, तर निरीक्षणगृह. मुंबईत ते डोंगरी-उमरखाडीला, जुन्या तुरुंगाच्या जागेत. 1882 मध्ये टिळक-आगरकरांनी 101 दिवस काढले तो हाच डोंगरीचा तुरुंग. मुलांसाठी नेमकी हीच जागा मिळावी, हे जरा विचित्रच! गुन्ह्याला किमान 7 वर्षांची शिक्षा आणि वय 16 पूर्ण असेल, तर मुलाची मानसिक-शारीरिक क्षमता तपासून मंडळ खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. फाशी मात्र तिथंही नाही.