भरतीची 'उंची' : एका संज्ञेचा विचार

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या सीमेवरील कळसूबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे, हे आपल्याकडील शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु समुद्र सपाट कधीच नसतो. आपल्या किनाऱ्यावर तो दिवसातून सामान्यतः दोनदा चढतो व दोनदा उतरतो. मग ही 'सपाटी' कोणती? भरतीमापकावर दीर्घकाळ घेतलेल्या नोंदींची ती सरासरी होय. १९०९ साली भारतातील उंचीमापनासाठी निश्चित झालेल्या पातळीस नऊ बंदरांतील नोंदींचा आधार होता. मुंबईचे अपोलो बंदर हे त्यांपैकी एक.

नाविकाचे शून्य मात्र निराळे. त्याच्या नकाशातील खोली, पाणी जिच्याखाली क्वचितच उतरते अशा नीच पातळीपासून मोजतात. तिला 'आधारपातळी' म्हणू. भरतीच्या तक्त्यातील 'उंची'ही तेथूनच मोजलेली असते. मुंबईस सरासरी समुद्रपातळी या आधारपातळीच्या सुमारे २.५१ मीटर वर आहे. उधाणाच्या भरतीची सरासरी उंची ४.४२ मीटर व ओहोटीची ०.७६, म्हणजे चढउतार ३.६६ मीटर. भांगाच्या दिवसांत हेच आकडे ३.३० व १.८६ असून चढउतार अवघा १.४४ मीटर.

समजा, नकाशात एखाद्या ठिकाणी १.५० मीटर खोली दाखविली आहे. उधाणाच्या ओहोटीस तेथे २.२६ मीटर पाणी असेल. तक्त्यातील उंची समुद्रसपाटीपासूनची समजणारा मनुष्य मात्र ४.७७ मीटर पाणी गृहीत धरील, आणि तीन मीटर पाण्यात बुडणारी नौका तळास लावील. शब्दाचा घोटाळा येथे केवळ शब्दाचा राहत नाही.

भाषाभ्यासकाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. 'भांग' म्हटले की घाटावरील विद्यार्थ्यास केसांचा भांग वा मादक वनस्पती आठवते. किनाऱ्यावर तो अष्टमीच्या सुमारास येणाऱ्या मंद भरतीचा वाचक आहे. 'उधाण' आपण आनंदालाही लावतो. कोळ्याला ते अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे मोठे पाणी. तिथीची पाऊणपट केली असता मुंबईकडील भरतीची स्थूल वेळ निघते, हा आडाखाही त्याच्याच व्यवहारातला. चतुर्थीस सुमारे तीन वाजता.

तात्पर्य, उधाण, भांग, चढउतार या संज्ञा मराठीत सिद्धच आहेत. नव्याने घडविण्यापेक्षा त्या स्वीकाराव्यात. 'उंची' हा शब्द मात्र एकटा वापरू नये. ती कोठून मोजली, हे प्रत्येक वेळी सांगावे.